सिलिअॅक मुलासाठी सगळ्या घराने गहू सोडावा का?

भाजणी: माझं मत, सोडावा. या आजारात गहू-जवातलं ग्लूटेन हे प्रथिन लहान आतड्याला इजा करतं. कोरडी कणीक उडते, ओट्यावर बसते. लाकडी पोळपाटाच्या भेगांतली तर घासूनही निघत नाही. 'ग्लूटेन-फ्री'ची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे, तिथे चिमूटभर कणीकही फार झाली. शिवाय सगळ्यांच्या ताटात भाकरी असली की पोराला वेगळं पाडल्यासारखं होत नाही.

घरघंटी: ओट्यावरची कणीक निदान दिसते तरी. गिरणीत तुमच्या ज्वारीच्या आधी कोणाचे गहू दळले? दगडात अडकलेलं पीठ पुढच्या दळणात उतरतंच. आधी किलोभर तांदूळ दळून घेणं म्हणजे मनाचं समाधान. घरी दळा, आणि त्या घंटीत गहू कधीच घालू नका. हिंगाचं काय? डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते, वेष्टनावर घटक वाचा. पोळी बंद करून फोडणीत तो हिंग चालू ठेवणारी घरं थोडी नाहीत.

उलटतपासणी: घरभर बंदीला माझा विरोध, आणि घाईच्या बंदीला तर जास्तच. सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांची टीटीजी-आयजीए तपासणी (या आजाराच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी) ते गहू खात असतानाच करायची असते. गहू बंद करून काही महिने गेले की अँटिबॉडी उतरतात, मग आजार असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. नंतर शंका आली तर पुन्हा कित्येक आठवडे पोळ्या खायला घालून तपासा!

गहू ठेवूनही नीट जमतं. पोळपाट-लाटणं, तवा, चाळणी मुलाची वेगळी. भाकऱ्या आधी, कणीक नंतर मळायची. स्टीलची भांडी साबणाने घासली की पुरे. लोणच्याच्या बरणीत पोळीच्या हाताचा चमचा नको, पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणावडे नकोत.

भाजणी: तपासणीचं मान्य, ते आधी लिहायला हवं होतं. पण हा क्रम रोज पाळणार कोण? पोळ्यांच्या बाई बदलल्या, पाहुणे आले, की मोडलाच.

उलटतपासणी: म्हणून तर मुलाला घरातच 'यात काय आहे?' विचारायची सवय लागू दे. वाढदिवसाचा केक, प्रसादाचा शिरा, शेवयांची खीर, जवाच्या माल्टचं दूध, बाहेर सगळीकडे हेच आहे.

घरघंटी: डब्याचंही बघा. ज्वारीच्या वाटीभर पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी घेऊन उकड काढली तरी दुपारी भाकरी वातड होते. तांदळाचं घावन मऊ राहतं. आणि भाजणीताई, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतात बरं का. आयडी बदला.