मदत हवी आहे: ‘किरिन’ला मराठीत काय म्हणू?

एका जपानी बालकथेचा मराठी अनुवाद करतेय आणि ‘किरिन’पाशी अडलेय. हा मूळचा चीनचा छीलिन, म्हणजे दंतकथेतला एक प्राणी. हरणासारखं अंग, अंगावर खवले, कपाळावर शिंग, आणि स्वभावाने इतका मवाळ की चालताना गवताचं पातंही चिरडत नाही. चांगला राजा असला की दिसतो म्हणे.

गंमत अशी की १४१४ साली बंगालच्या सुलतानाने चीनच्या योंगल बादशहाला जिराफ पाठवला, तर दरबाराने त्यालाच छीलिन ठरवलं! आजही जपानीत ‘किरिन’ आणि कोरियनमध्ये ‘गिरिन’ म्हणजे साधा जिराफही. माझ्या कथेतला विनोद नेमका याच घोळावर आहे. मुलगी प्राणिसंग्रहालयात जाऊन जिराफाचे खवले शोधते.

भावाने ‘शरभ’ सुचवला. पण आपल्या गडांच्या दरवाजांवरचा शरभ पंजाखाली हत्ती दाबून उभा असतो हो! गवत न तुडवणाऱ्याला ते नाव कसं द्यायचं? ‘एकशिंगी’ म्हटलं तर मुलांना थेट गेंडा आठवेल.

‘किरिन’च ठेवू का? मग जिराफाचा विनोद तळटीप न देता कसा पोचवू? आठ-नऊ वर्षांची मुलं तळटीप वाचत नाहीत. कुणी असं शब्दखेळाचं भाषांतर केलं असेल तर प्लीज सांगा.