पबजीचा दुसरा भाग? आधी पहिला धड खेळू द्या

पहाटेचा_पोचिंकी:
परवा एकाने ऐटीत लिहिलं, ‘पबजी म्हातारा झाला. ठिगळं लावणं थांबवा, नव्या इंजिनावर पबजी २ काढा आणि जुना सरळ बंद करा.’ खाली लाइकांचा पाऊस. उत्तर द्यायचं नव्हतं, पण ‘जुना सरळ बंद करा’ हे चार शब्द डोक्यात गेले ते गेलेच.

साहेब, आपल्याकडे तो दोनदा बंद होऊन झालाय. २ सप्टेंबर २०२०ला बंदी आली, ३० ऑक्टोबरला सर्व्हरही गेले. २ जुलै २०२१ला बीजीएमआय या भारतापुरत्या नावाने परत आला. २८ जुलै २०२२ला पुन्हा स्टोअरमधून गायब, तो उगवला थेट २०२३च्या मेमध्ये. दर वेळी आमच्या स्क्वॉडमधला एक जण गळाला. पहिल्या बंदीत सांगलीचा गडी फ्री फायरवर गेला तो तिकडचाच झाला. दुसऱ्या बंदीत एकाचं लग्न झालं. (त्याचा दोष गेमच्या कंपनीला, क्राफ्टनला, देत नाही.) चौघांचे दोघे उरलोय. दुसरा भाग म्हणजे आमच्यासाठी तिसरी बंदी, फक्त या वेळी ती कंपनी घालणार.

आणि खरं सांगायचं तर माझं वय ३४. एरँगल या जुन्या मॅपवर कुठल्या भिंतीआड उभं राहायचं ते मला झोपेत कळतं. नव्या मॅपवर मी निव्वळ बॉट आहे, संगणकाने चालवलेला बावळट खेळाडू.

ग्रोझा_मिळेना:
काका, तुम्हाला गेम नकोय, तुम्हाला लॉकडाऊन परत हवाय.

ते लिहिणारा मीच. ‘जुना’ म्हणजे नक्की काय जुनं राहिलंय ते सांगा. आठ बाय आठ किलोमीटरचं बेट, शंभर माणसं, हातात तवा, असा होता तो गेम. मग गॉडझिला आला, ड्रॅगन बॉल आला, चालते यांत्रिक राक्षस आले. झाडामागे श्वास रोखून बसावं तर वरून कुणी हातातून गोळा फेकतोय. याला तुम्ही एरँगल म्हणता? म्हणूनच म्हणतो, एकदा पाटी कोरी करा. साधा गेम, नवं इंजिन, चीटरला पहिल्या दिवसापासून चाप.

पहाटेचा_पोचिंकी:
थीम मोड मलाही आवडत नाहीत, ते पदरात घ्या. पण पाटी कोरी केली की ते जातील? ते विकले जातात म्हणून येतात. दुसऱ्या भागात ते पहिल्याच आठवड्यात येतील.

जॉर्जोपोलची_सून:
दोघांनाही कंपनीनेच काढलेला ‘पबजी: न्यू स्टेट’ आठवत नाही की आठवायचं नाही? ११ नोव्हेंबर २०२१. काळ २०५१चा, मॅप ट्रॉय, ड्रोन, विजेवरच्या गाड्या. म्हणजे दुसरा भागच की तो, नाव तेवढं वेगळं. कोट्यवधी लोकांनी आधीच नोंदणी करून ठेवली होती. मीही. पहिल्या रात्री आमच्या हॉस्टेलच्या मजल्यावर अकरा मुली ट्रॉयमध्ये उतरल्या, पंधरवड्यात अकराच्या अकरा एरँगलमधल्या पोचिंकी गावात परत. कारण फार मोठं नव्हतं. इकडे ओळखीची माणसं होती, तिकडे नव्हती.

ग्रोझा_मिळेना:
न्यू स्टेटचं उदाहरण प्रत्येक जण तोंडावर फेकतो. जुना गेम चालू ठेवून शेजारीच नवा उघडला, मग लोक कशाला हलतील? वाडा पाडल्याशिवाय बिल्डिंग उभी राहत नाही.

जॉर्जोपोलची_सून:
वाड्यातल्या भाडेकरूंचं काय झालं ते पुण्यात विचारून या.

दे_डस्ट_२००३:
मोबाईलवाल्यांच्या भांडणात पडत नसतो, पण ‘वाडा पाडा’ वाचलं आणि राहवलं नाही. आमच्यावर तो प्रयोग झालाय. सीएस:गो, म्हणजे पीसीवरचा काउंटर-स्ट्राइक, आला २०१२ला. २७ सप्टेंबर २०२३ला त्याच जागी काउंटर-स्ट्राइक २ बसवला. बंदुकांच्या विकत घेतलेल्या स्किन सगळ्या शाबूत, हे मान्य. धूर आता खराखुरा पसरतो, ग्रेनेड टाकला की त्याला भोक पडतं, तेही भारी. पण मॅकवाले एका फटक्यात बाहेर. मी तेव्हा मॅकवर. अकरा वर्षं खेळलेला गेम सकाळी उघडेना, बायको म्हणाली बरं झालं.

आणि ओव्हरवॉच या दुसऱ्या नेमबाजीच्या गेमचं तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२२मध्ये पहिल्याचे सर्व्हर बंद करून दुसरा आणला. सहा विरुद्ध सहाचं पाच विरुद्ध पाच झालं. संगणकाविरुद्ध खेळायच्या ज्या पीव्हीई हिरो मोडच्या नावावर ‘२’ लावला होता तो पुढच्या मेमध्ये रद्दच करून टाकला. म्हणजे लग्नाला बोलावून मांडवातूनच परत पाठवलं.

बाकी, बोट घासून गोळी मारणाऱ्यांना गेमर म्हणायचं का, हा प्रश्न वेगळा. आम्ही कॅफेत तासाला वीस रुपये मोजून काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो. शेजारच्या खुर्चीवरचा शिव्या घालायचा, त्याला म्हणतात मल्टिप्लेअर.

क्लॉ_चारबोटी:
आलं का सायबर कॅफेचं पुराण! काका, चार बोटांनी पंजासारखा क्लॉ धरून, फोन हलवून नेम धरायच्या गायरोवर मनगट फिरवत एम४१६ रायफलचा स्प्रे सहा एक्सच्या स्कोपवर धरून दाखवा, मग माऊसच्या गप्पा मारा. माझ्याकडे पीसी नव्हता, घेण्याची ऐपतही नव्हती. वडिलांचा सेकंडहँड फोन होता. या गेमने माझ्यासारख्या पोरांना खेळायला जागा दिली. ‘गेमर कोण’ ते तुम्ही ठरवू नका.

दे_डस्ट_२००३:
बरं बाबा, गेमर तर गेमर. चिडू नकोस.

क्लॉ_चारबोटी:
चिडलोच आहे, आता मुद्द्याचं बोलतोच. नवा भाग, जुना भाग, सगळं खड्ड्यात गेलं. आधी आयपॅडवाल्यांचं काय करायचं ते सांगा. आमचा फोन लांबोळका, वरचं-खालचं चित्र कापलेलं. आयपॅड चौकोनी, त्याला तेच अंगण उभं जास्त दिसतं. कड्यावरचा माणूस मला दिसायच्या आधी त्याला दिसतो. त्यात ९० आणि १२० एफपीएस, म्हणजे सेकंदाला तितकी चित्रं, ठरावीक महागड्या फोनांनाच. हा गेम नाही, ही आर्थिक पाहणी आहे.

सोनेरी_स्कोप:
मी आयपॅडवर खेळतो. मारा मला.

पण एक सांगा, आयपॅड धरून चार बोटांनी खेळून बघितलंय कधी? मनगटाची वाट लागते. दिसतं जास्त, हे खरं. पण तुम्ही हरलात की आयपॅड, जिंकलात की स्किल, असं कसं?

क्लॉ_चारबोटी:
मनगट दुखतं म्हणे. बीएमडब्ल्यूवाला पेट्रोलचं रडगाणं गातोय.

सोनेरी_स्कोप:
तो आयपॅड बहिणीचा आहे, डिझाइनच्या अभ्यासासाठी कर्ज काढून घेतलेला. रात्री अकरानंतर मला मिळतो. आता बोला.

क्लॉ_चारबोटी:
बहिणीचं कर्ज मध्ये आणून माझं तोंड बंद करू नका राव. व्ह्यू जास्त दिसतो की नाही?

सोनेरी_स्कोप:
दिसतो म्हटलं ना! लिहून देऊ का शंभराच्या स्टॅम्पपेपरवर?

वऱ्हाडी_एअरड्रॉप:
तुम्ही लोकं काहून भांडून राहिले? सिक्वेलवर बोलत होतो ना आपण? सरळ उपाय आहे भाऊ: आयपॅडवाले आयपॅडवाल्यांसोबत, फोनवाले फोनवाल्यांसोबत. वेगळी मॅचमेकिंग. झालं. याच्यासाठी नवीन गेम लागत नाही.

ग्रोझा_मिळेना:
आणि मग आयपॅडवाल्यांना लॉबीसाठी वीस मिनिटं थांबावं लागलं की तेच इथे रडत येतील. खेळाडू जितके तुकड्यांत वाटाल तितके बॉट भरावे लागतात. आत्ताच क्लासिक या नेहमीच्या मोडमध्ये पहिले दहा किल कुणाचे असतात ते माहितेय सगळ्यांना.

जॉर्जोपोलची_सून:
थांबा, हे तर तुमच्याच विरोधात गेलं. दुसरा भाग काढला की अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मग दोन्हीकडे बॉटच ना?

ग्रोझा_मिळेना:
...म्हणून तर म्हणतोय जुना बंद करा.

जॉर्जोपोलची_सून:
आणि ज्याच्या फोनमध्ये नवा चालणार नाही तो? माझा धाकटा भाऊ तीन जीबी रॅमवर, ग्राफिक्स ‘स्मूथ’ला ठेवून खेळतो. गवत दिसत नाही, त्यामुळे गवतात लोळणारे सगळे त्याला उघडे दिसतात, हा एकमेव फायदा. तो सोळा वर्षांचा. अठराच्या आतला म्हणून दिवसाला तीनच तास, त्यासाठी आईच्या फोनवर ओटीपी. आई तो ओटीपी भांडी घासल्यावर सांगते. घरात इतकी स्वच्छ भांडी कधी नव्हती. तुमच्या नव्या इंजिनाला आमच्या घरची ही शिस्त मोडायचा अधिकार नाही.

क्लॉ_चारबोटी:
तीन जीबी! सलाम. या पोराला आयपॅडसमोर उतरवता तुम्ही.

सोनेरी_स्कोप:
मी काय मुद्दाम त्याच्या घरात उतरतो का??

पहाटेचा_पोचिंकी:
धागा माझा होता असं आठवतंय.

ग्रोझा, तुमचा एक मुद्दा रात्रभर घोळला. आम्ही गेमला धरून बसलोय की त्या चौघांना, हे मला नीट सांगता येत नाही. सांगलीच्या गड्याला काल मेसेज केला, दुसरा भाग आला तर खेळशील का? म्हणाला, ‘आलाय का? लिंक टाक.’ म्हणजे तुमच्या पबजी २ साठी तो फ्री फायर सोडायला तयार आहे, माझ्यासाठी नव्हता. एवढा एक गुण देतो. त्याहून जास्त देणार नाही.

ग्रोझा_मिळेना:
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. आणि तीन जीबीवाल्या भावासाठी जुना सर्व्हर वर्षभर चालू ठेवावा, इतपत मी खाली येतो. वर्षभरच.

वऱ्हाडी_एअरड्रॉप:
जसं काही यांच्याच घरी सर्व्हर आहे.

क्लॉ_चारबोटी:
आयपॅडचं काय ठरलं?