मदत हवी आहे: एनएडीएचमागे एटीपी २.५ की २.७?

नमस्कार मंडळी. एस.वाय.बी.एस्सी.च्या सेल बायोलॉजीची उजळणी चालू आहे आणि गाडी मायटोकॉन्ड्रियावर (पेशीचं ऊर्जाकेंद्र) अडलीय. अकरावीत एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू) पाठ केले होते, आता सर ३० किंवा ३२ म्हणतात. तेवढं कळलं: ग्लायकोलिसिसमधल्या (ग्लुकोज फोडण्याचा पहिला टप्पा) एनएडीएचचे (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) इलेक्ट्रॉन मॅलेट-अ‍ॅस्पार्टेट शटलने (ने-आण करणारी यंत्रणा) मायटोकॉन्ड्रियाच्या आत गेले तर ३२, ग्लिसरॉल फॉस्फेटने गेले तर ३०.

घोळ पुढे आहे. एका एनएडीएचमागे १० प्रोटॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाबाहेर फेकले जातात, ते परत आत येताना एका एटीपीला ४ लागतात, म्हणून २.५. ठीक. पण सस्तन प्राण्यांच्या एटीपी सिंथेजच्या (एटीपी बनवणारं एन्झाइम) फिरत्या चक्रात सी-उपघटक (चक्राचे प्रथिन-तुकडे, प्रत्येकामागे १ प्रोटॉन) ८ असतात आणि एका फेरीत ३ एटीपी बनतात. म्हणजे ८ भागिले ३, अधिक फॉस्फेट आत आणायला १ प्रोटॉन, असे साधारण ३.६७. मग १० भागिले ३.६७, उत्तर २.७ येतं की! फॉस्फेटचा प्रोटॉन मी दोनदा तर धरत नाहीये ना?

परीक्षेत २.५च लिहीन, मार्कांचा प्रश्न आहे. पण कोणा बायोकेमिस्ट्रीवाल्या ताई-दादांनी गणित मांडून दाखवलं तर बरं होईल. नुसतं ‘३२ लिही आणि सोड’ असं नको, प्लीज.