मदत हवी आहे: आतड्यात ग्लुकोज आत जातं ते अ‍ॅक्टिव्ह कसं?

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा, बहीण बेळगावात पीयूसी फर्स्ट इयर सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मिडियम आणि आता सगळं इंग्लिशमधनं, म्हणून घरी मीच तिला मराठीतनं समजावतोय. ऑक्सिजन पेशीच्या पडद्यातनं थेट जातो हे पटलं. सोडियम-पोटॅशियम पंपपण कळला, एक एटीपी (पेशीतलं ऊर्जा देणारं रसायन) खर्चून 3 सोडियम बाहेर अन् 2 पोटॅशियम आत, कमीकडनं जास्तीकडं ढकलायचं म्हणजे ताकद लागणारच की. गाडी अडकलीय ग्लुकोजवर. लाल रक्तपेशीत ते वाहक प्रोटीनमधनं एटीपीशिवाय जातं, पण लहान आतड्यात सोडियमबरोबर जातं त्याला अ‍ॅक्टिव्ह (म्हणजे ऊर्जा खर्चून होणारी ने-आण) म्हणतात, तर तिचा प्रश्न असा की हा वाहक स्वतः एटीपी वापरतच नाही मग अ‍ॅक्टिव्ह कसा? मला वाटतं पेशीच्या रक्ताकडच्या बाजूचा पंप सोडियम बाहेर काढत राहतो, म्हणून आत सोडियम कमी राहतं अन् ते आत येताना ग्लुकोजला बरोबर ओढतं, खरा खर्च त्या पंपात होतो, आणि ओआरएसमध्ये मिठाबरोबर ग्लुकोज असतं तेही याच वाहकासाठी. बरोबर आहे काय? आणि पंप बंद पडला तर ग्लुकोज लगेच थांबेल की हळूहळू? कुणी बायोलॉजी शिकवणारे असाल तर मराठीतनंच सांगा, हातानं चित्र काढून फोटो टाकलात तर फार उपकार होतील, पोरगी मनापासनं विचारते हो, नुसतं पाठ कर म्हणायला जीव होत नाही.