प्रतिसाद: गवा, गाय आणि चतुर

'साधर्म्य म्हणजे नुसतं सारखेपण; तर्क, जीवशास्त्र आणि भाषा, तिन्हीकडे अर्थ एकच' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते मला पटलं नाही.

न्यायदर्शनातलं, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातलं, उपमानाचं (सारखेपणावरून ओळखण्याचं) उदाहरण घ्या. 'गवय गाईसारखा असतो' एवढं ऐकून माणूस रानात जातो आणि तसं जनावर दिसताच ओळखतो, की हाच गवय, म्हणजे आपला गवा. आम्हा कोल्हापूरकरांना हे सोपं, दाजीपूरच्या अभयारण्यात गेलं की गवा दिसतोच (नशीब असेल तर!). पण गंमत अशी की गाय आणि गवा एकाच प्रजातीगटातले, रक्ताचे भाऊबंद. म्हणजे तर्कातलं हे गाजलेलं साधर्म्य जीवशास्त्रात साधर्म्य ठरतच नाही! इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेननं 1843 मध्ये भेद केला तो हाच: काम एक ते साधर्म्य, मुळात अवयवच एक तर समजातता. रंकाळ्यावरच्या बगळ्याचे आणि चतुर या कीटकाचे पंख हे खरं साधर्म्य. दोघं उडतात, पण एकाच्या पंखात हाताची हाडं, दुसऱ्याच्यात हाडच नाही.

भाषेतलं साधर्म्य तर वेगळंच. माझी पुतणी 'धरलं, भरलं'च्या चालीवर 'मी करलं' म्हणते. तिथं सारखेपण आधी नसतंच, ती ते तयार करते.