कोळशाच्या धुराचा नियम दर वेळी पुढं का ढकलला जातो?

इरईकाठ, चंद्रपूर:
वीजकेंद्रांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड आवरायचा नियम केंद्रानं डिसेंबर 2015 मध्ये काढला. अंमल दोन वर्षांत व्हायचा होता. मग 2022 पर्यंत सूट मिळाली, 2021 मध्ये ती वाढली, 2022 मध्ये परत वाढली, डिसेंबर 2024 मध्ये आणखी तीन वर्षं. जुलै 2025 मध्ये तर देशातल्या सुमारे 78 टक्के संचांना त्यातून मोकळंच केलं. चिमणी नियमाएवढी उंच असली की झालं. हे आपोआप होत नाही. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, ती 2017 मध्ये काढली. निवडणूक रोखे आले. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं मर्यादा काढणारा बदल आणि रोखे दोन्ही रद्द केले, आणि रोखे घेणाऱ्यांच्या यादीत खाण आणि वीज कंपन्या निघाल्या. हवामान बदलावर सरकार हलत नाही याचं मूळ मला इथं दिसतं.

बॉयलर हाऊस, कोराडी:
दादा, दोन गोष्टींची गल्लत होतेय. एफजीडी म्हणजे चुनखडीनं धूर धुणारं यंत्र; ते सल्फर पकडतं, कार्बन नाही. एक टन सल्फर डायऑक्साइडला साधारण दीड टन चुनखडी लागते, पावणेतीन टन जिप्सम निघतं आणि वर 700 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय संचाची एक-दीड टक्का वीज तो प्लँटच खातो. उद्योगाचा अंदाज युनिटमागे 25 ते 30 पैशांचा, आणि तो बिलातच येणार. चंद्रपूरला सरसकट सूटही नाही; प्रदूषित शहर म्हणून तिथल्या संचांचं समिती ठरवणार. आणि केंद्र महानिर्मिती या राज्याच्या वीज कंपनीचं, कोळसा वेकोलि या केंद्राच्या कोळसा कंपनीचा. दोन्ही सरकारी. यात कॉर्पोरेट आलं कुठून?

इरईकाठ, चंद्रपूर:
एफजीडीनं कार्बन कमी होत नाही, हे बरोबर. पण सल्फर डायऑक्साइडचं हवेत सल्फेट होतं आणि तो बारीक कण दूरच्या गावातल्या फुप्फुसातही जातो. कार्बनवरच बोलायचं तर उपकराचं बोला. कोळशावर 2010 मध्ये टनाला 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, 2016 पर्यंत तो 400 झाला. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या महसुली भरपाईकडे वळवला. सप्टेंबर 2025 मध्ये तो उपकरही संपला. चंद्रपूरचे 2920 मेगावॅट साठ टक्के भारावर चालले तरी दिवसाला तीस हजार टनांच्या घरात कोळसा जळतो. 400 च्या दरानं रोजचे एक कोटी वीस लाख. स्वच्छ ऊर्जेच्या नावानं घेतलेला हा पैसा कोळशाच्या जिल्ह्यांत परत यायला हवा होता.

सरकारी मालकीनं तर गुंता वाढतोच: केंद्र राज्याचं, त्याला संमतिपत्र देणारं प्रदूषण नियंत्रण मंडळही राज्याचं. आणि तिरोड्याचं 3300 मेगावॅटचं वीजकेंद्र खासगीच आहे.

पऱ्हाटी, आर्वी:
तुमचं युनिट-पैशाचं चालू द्या, पण वावराचं कोणीच बोलून नाही राहिलं. खरीप 2025 मध्ये राज्यानं पीकविम्यातून चार जोखमी काढल्या: पेरणीच न होणं, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान. उरला फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे मंडळातली काही शेतं कापून काढलेलं सरासरी उत्पन्न. सात वर्षांतल्या चांगल्या पाचांची सरासरी, तिचे 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. तो हेक्टरी 10 क्विंटल असला आणि अख्ख्या महसूल मंडळाचं 8 आलं, तर विमा रकमेच्या 20 टक्के भेटतात. मंडळाचं साडेदहा आलं, तर नाल्याच्या पुरात ज्याचं सोयाबीन मातीसकट खरडून गेलं त्याले दमडी नाही. आणि हे बघा जी, सातातली दोन वाईट वर्षं सोडून देतात. तिसरं वाईट आलं की ते सरासरीत घुसते आणि उंबरठाच खाली येते. हवामान जेवढं बिघडन, तेवढी भरपाई कमी!

बॉयलर हाऊस, कोराडी:
विम्याचं पटलं. तरी जोखमी काढताना कारण दिलं ते एक रुपयाच्या विम्यातल्या बोगस अर्जांचं होतं. शेतीची दिवसाची वीज सौरवर येतेय: त्यासाठीच्या सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जागेला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दर वर्षी तीन टक्के वाढ. दिवस मावळल्यावर भार चढतो तेव्हा मात्र कोळसाच लागतो. साठवण आल्याशिवाय संच बंद करा म्हणणं धोक्याचं आहे.

इरईकाठ, चंद्रपूर:
चालू संच उद्या बंद करा, असं कोणी म्हटलं नाही. कोराडीत 660 मेगावॅटचे आणखी दोन संच उभारायचं चाललंय, हरकत त्याला आहे. एकदा उभा राहिला की संच पंचवीस वर्षं हलत नाही. गावांनी केंद्राच्या पर्यावरण मंजुरीतल्या अटींचा सहामाही अहवाल मागावा, तो 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावाच लागतो. राख, पाणी आणि चिमणी एवढ्या अटी आधी ताडून बघाव्यात. नव्या संचांच्या जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी निघते आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तोंडी बोलणं इतिवृत्तात दोन ओळींत गुंडाळलं जातं, म्हणून हरकत आकड्यांसह लेखी द्या आणि पोच घ्या. तिचं उत्तर अंतिम अहवालात यावं लागतं.

पऱ्हाटी, आर्वी:
सौरच्या भाड्याचं सांगितलं, पण जागा गायरानातून गेली तर ढोरं कुठं चारायची? ते भाडं ढोरवाल्याले नाही भेटत. तीही हरकत लेखी घ्या.