घणसोली-रबाळे भागात कमी पैशात पाळणाघर मिळेल का? एकटा बाप आहे, मुलगी ३ वर्षांची

रबाळे_शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. घणसोली गावात भाड्याने राहतो, रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे, काँट्रॅक्टवर. हातात सोळा-साडेसोळा हजार येतात, ओव्हरटाइम लागला तर थोडे जास्त, त्यातले पाच खोलीच्या भाड्यात जातात. बायको गेल्या वर्षी आजारपणात गेली. मुलगी आत्ता तीन पूर्ण झाली. आजपर्यंत आई इकडे होती म्हणून निभावलं पण गावी वडिलांचं दुखणं वाढलंय, तिला दिवाळीच्या आत पाटणला जावंच लागणार आहे.

जवळची डे केअर बघून आलो. एकाने महिन्याला नऊ हजार सांगितले, वर अॅडमिशन फी वेगळी. दुसरीकडे रेट परवडणारा होता पण तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला की मम्मी कधी येणार भेटायला. सांगितलं तसं त्या गप्पच झाल्या आणि मग म्हणे सध्या जागा नाहीये. बाहेर बोर्डावर अॅडमिशन चालू लिहिलेलं.

वर शिफ्टचा घोळ आहे. एक आठवडा फर्स्ट, ७ ते साडेतीन, पुढचा आठवडा सेकंड, ३ ते साडेअकरा रात्री. रात्री साडेअकरापर्यंत लेकरू कोण ठेवणार?

सरकारी काही आहे का बापासाठी? जिथे बघावं तिथे महिलांसाठी लिहिलंय. लाडकी बहीण आली, लाडका बाप कधी येतोय बघू हाहा. कोणाला माहिती असेल तर सांगा, साडेतीन-चार हजारापर्यंत ओढाताण करून जमवीन.

कळवा_काकू

दादा मी कळव्यात घरीच पोरं सांभाळते, बरीच वर्षं झाली. आमच्याकडे कोणी "डे केअर" म्हणत नाही, पाळणाघरवाल्या काकू म्हणतात. मी चार हजार घेते सकाळी आठ ते संध्याकाळी सात, डबा आणि दूध तुमचं, पाऊण-एक तास उशीर झाला तर मी काही बोलत नाही पण रोज रोज झाला तर बोलते. घणसोली कोपरखैरणेला पण सेक्टरच्या बैठ्या घरांमधे असं घरगुती सांभाळणाऱ्या बायका असतात, त्या नेटवर सापडणार नाहीत, बोर्ड पण नसतो. किराणावाला, दूधवाला आणि शाळेच्या रिक्षावाल्याला विचारा. रिक्षावाल्याला सगळं माहीत असतं कुठलं पोर कुठे सोडायचं ते.

आता त्या मॅडमबद्दल. खरं सांगते, एकटा पुरुष आला की आम्हाला पण जरा अवघड वाटतं, तुमच्यावर संशय म्हणून नाही, पण पोरीला बरं नसलं तर फोन कोणाला करायचा, कपडे बदलायचे, शी-शूचं बोलायचं, ह्याचं बाईशी बोलायची सवय असते आम्हाला. त्यामुळे आई इथे आहे तोवरच तिला सोबत घेऊन जा. आजी बोलली की निम्मं काम होतं. आणि न्यायला कोण कोण येणार त्या दोन माणसांची नावं, फोटो, नंबर लिहून द्या, ह्याने समोरच्या बाईला पण धीर येतो.

आणि तुम्ही पण नीट बघून घ्या हां. किती पोरं आहेत एका खोलीत, गॅस कुठे आहे, खिडकीला ग्रिल आहे का, घरात दिवसा अजून कोण कोण असतं, नवरा दीर मोठी मुलं. विचारायला लाजू नका, जी बाई चांगली आहे ती चिडणार नाही. आणि एकदा न सांगता दुपारी जाऊन या.

सडेतोड_९०

एवढं कशाला? आजीबरोबर गावी पाठवा. गावात पोरं अशीच मोठी होतात. नाहीतर दुसरं लग्न करा, वय काय आहे तुमचं?

दिघा_बाबा

सडेतोड साहेब, त्याने पाळणाघर विचारलंय, स्थळ नाही.

भावा, मी तुझ्याच बोटीत होतो, मला दोन पोरं. तू बालसंगोपन योजना टाक. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. अनाथ मुलांसाठीच आहे असं लोकांना वाटतं, तसं नाहीये. आई किंवा वडील दोघांपैकी एक जरी नसेल तरी चालतं, घटस्फोट, एकाने सोडून दिलंय, मोठं आजारपण, अशा घरातली मुलं पण बसतात. बाप आहे म्हणून अर्ज घेणार नाही असं काही नाही. आधी महिन्याला ११०० होते, २०२३ पासून २२५० झालेत, आणि हे एका मुलामागे, १८ वर्षांपर्यंत. तुझ्या चार हजारातले निम्मे इथूनच आले ना.

कुठे जायचं तर ठाण्याला, जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालय. माणसं इथेच गंडतात, झेडपीचा महिला बालकल्याण विभाग वेगळा, अंगणवाडीचं ऑफिस वेगळं, हे तिसरंच. नाव नीट लिहून ने, नाहीतर या खिडकीवरून त्या खिडकीवर. अर्ज फुकट असतो. बाहेर कोणी हजार-दोन हजार मागितले करून देतो म्हणून तर सरळ निघून ये.

कागद, बायकोच्या मृत्यूचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, दोघांचं आधार, रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला (सेतू नाहीतर आपले सरकारवरून निघतो), राहत्या जागेचा पुरावा, बँक पासबुक, आणि घरासमोर मुलीला घेऊन उभा राहून काढलेला फोटो. रेशन कार्डात मुलीचं नाव चढलंय का ते आजच बघ, आपण बायकोचं नाव कमी करायला पण जात नाही आणि पोरीचं चढवायला पण जात नाही, मन होत नाही, समजतं मला, पण तिथेच फाईल अडते. भाड्याची खोली असेल तर मालकाकडून करारनामा मागून ठेव, गावातले मालक देताना कुरकुर करतात.

नंतर चौकशीला घरी माणूस येतो, मग बाल कल्याण समिती ऑर्डर काढते. ह्याला वेळ लागतो. आणि मंजूर झाल्यावरही एक तारखेला मोबाईलवर मेसेज येईल अशा हिशोबाने पाळणाघराचे पैसे धरू नकोस, मागेपुढे होतं, थांबून एकदम येतात. सुरुवातीचे महिने खिशातूनच काढावे लागतील हे धरून चाल.

खारघर_से४

वरच्यात एक अॅड करतो. खारघर, कामोठे, पनवेल, उलवेवाल्यांनी ठाण्याला जाऊ नका, आपला जिल्हा रायगड आहे, आपल्याला अलिबाग. नवी मुंबई म्हटलं की सगळ्यांना एकच वाटतं.

ऐरोली_एचआर

मी एचआरमधे आहे म्हणून कंपनीच्या बाजूने सांगते. २०१७ साली मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात बदल झाला, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. त्यात दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जायची मुभा आहे ती आईला लिहिलेली आहे. त्याआधीचा फॅक्टरी अॅक्ट १९४८ चा, त्यात तर ३० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तरच पाळणाघर होतं. म्हणजे कायदा लिहिताना बाप पोर घेऊन दारात उभा राहील हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. तरीपण काही कंपन्या बाबांना पण देतात, आणि एमआयडीसीत दोन-चार कंपन्या मिळून एक पाळणाघर चालवतात असंही असतं, त्यामुळे विचारून बघायला हरकत नाही. पण काँट्रॅक्टवर असाल तर खरं सांगू, फार आशा ठेवू नका, काँट्रॅक्टर म्हणेल कंपनीला विचार आणि कंपनी म्हणेल काँट्रॅक्टरला विचार.

त्यापेक्षा शिफ्टचं मागा. ते मिळण्यासारखं आहे. लेखी अर्ज करा, मृत्यूचा दाखला जोडा, की मला कायम फर्स्ट शिफ्ट द्यावी. आणि अर्ज देण्याआधी तुमच्याच लाईनवर कोणीतरी शोधा ज्याला सेकंड हवीये. सकाळचं कॉलेज करणारी मुलं असतात, त्यांना सेकंडच सोयीची पडते. अदलाबदलीसाठी माणूस तयार आहे म्हणून गेलात तर सुपरवायझरला नाही म्हणायला कारण उरत नाही, त्याला फक्त माणसं पूर्ण भरलेली हवी असतात.

रबाळे_शिफ्टवाला

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. बालसंगोपन नाव ऐकलेलं पण मला ते अनाथाश्रमवाल्यांचं वाटायचं. रेशन कार्ड बघितलं, मुलीचं नाव नाहीये.

सडेतोड दादा, गावी पाठवायचं घरात पण बोलून झालं. आई तिकडे वडिलांचं करणार का हिचं करणार. आणि तिची आई गेल्यापासून मी कामावरून आल्याशिवाय ती जेवत नाही, आजीने भरवलं तरी दोन घास ठेवते बाजूला, बाबाबरोबर खाणार म्हणून. तिला पाटणला ठेवून मी इथे पॅकिंग करत बसू का.

शिफ्टचं बोलतो उद्या. एक पोरगा आहे, वाशीला कॉलेजला जातो, तो तयार होईल. पण मग सात वाजता हजर व्हायचं तर मला सव्वासहाला निघावं लागतं. कळवा काकू पण आठला उघडतात. मधले दोन तास काय करू? आणि अंगणवाडीचं कोणी सांगेल का, तिथे दिवसभर ठेवतात का?

सेविका_ताई_तुर्भे

मी अंगणवाडी सेविका आहे, तुर्भे साईडला. दादा सरळच सांगते, साध्या अंगणवाडीत दिवसभर ठेवत नाहीत. तीन-चार तास असतात सकाळी-दुपारी मिळून, ३ ते ६ वर्षांच्या मुलांना गाणी, खेळ, चित्रं, अक्षरओळख, आणि गरम जेवण, खिचडी नाहीतर उसळ असं काहीतरी. फी शून्य. ही योजना १९७५ ची आहे, २ ऑक्टोबरला सुरू झालेली, अजून लोक विचारतात पैसे किती. केशरी कार्ड पिवळं कार्ड असलं पण काही नाही, भागातलं कुठलंही मूल येऊ शकतं.

आता दुसरी गोष्ट. केंद्राची पाळणा नावाची योजना आहे, २०२२ मधे जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं नाव आणि स्वरूप बदलून आणली, ६ महिने ते ६ वर्षांसाठी, त्यात काही अंगणवाड्यांनाच जोडून दिवसभराचं पाळणाघर चालवायचं असं आहे. प्रत्येक अंगणवाडीला नाहीये. तुमच्या भागात जवळ कुठे आहे का ते तुमच्या सेविकेला माहीत नसलं तर मुख्यसेविकेला विचारा, नाहीतर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या ऑफिसात. कागदावर तिथेही आईच लिहिलेली आहे, पण आई नाही म्हणून मूल परत पाठवा असं कुठे लिहिलेलं नाही. मृत्यूचा दाखला घेऊन भेटा.

बांधकाम साइटवर काम करणारा कोणी हे वाचत असेल तर मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था साइटवरच मुलांसाठी केंद्रं चालवते, तुमच्या ठेकेदाराला नाहीतर बिल्डरच्या ऑफिसला विचारा. दादाला ते लागू नाही.

आता तुमचं खरं काम. सव्वासहा ते साडेतीन-चार एका ठिकाणी ठेवायचा विचारच सोडा, तसं मिळालं तरी परवडणार नाही. तुम्हाला हवीये तुमच्याच गल्लीतली बाई, जिचं स्वतःचं पोर नाहीतर नातू त्याच अंगणवाडीत येतो. ती सकाळी तुमच्या मुलीला घेणार, ती झोपलेलीच असेल तर उचलून नेऊन तिच्याकडे पुन्हा झोपवायचं, उठली की तोंड धुवून चहा-चपाती द्यायची, आपल्या पोराबरोबर अंगणवाडीत सोडायचं, आणताना दोघांना आणायचं, मग दुपारी झोप, चारला बाप हजर. त्या बाईचं दिवसभराचं काम काहीच वाढत नाही कारण तिला तिचं पोर सोडायला यायचंच आहे. अशा बाया अडीच-तीन हजारात आनंदाने तयार होतात. जेवणही अंगणवाडीत झालेलं असतं म्हणजे डब्याची कटकट निम्मी.

आणि ही बाई कोण ते तुमच्या सेविकेला विचारा. आम्ही घरोघरी सर्व्हे करतो, कुठल्या घरात कोण आहे, कोणाचा नवरा पितो, कोणाच्या घरात भांडणं आहेत, कोणाची सासू पोरांना जीव लावते, हे सगळं आम्हाला माहीत असतं. कोणाकडे ठेवू नका हे पण ती सांगेल, तोंडावर नाही सांगणार पण चेहऱ्यावरून कळेल तुम्हाला.

कळवा_काकू

ताईंचं बरोबर आहे. माझी रोजीरोटी असून सांगते, त्याच्या पगारात हेच बसतंय. फक्त पैसे आधी ठरवा, पोरगी आजारी पडली तर काय, त्या बाईच्या घरी लग्नकार्य असलं तर काय, ते पण. ओळखीत पैसे ठरवायला माणूस लाजतो आणि सहा महिन्यांनी त्याच्यावरूनच तोंडं फिरतात.

ऐरोली_एचआर

मुलगी आजारी असेल त्या दिवसांसाठी एखादी सुट्टी नेहमी हातात ठेवा, सगळ्या गणपतीला संपवू नका.

नेरुळ_पालक

आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळेत फुकट प्रवेशाचा अर्ज, तो पण भरा ना, २५ टक्के जागा असतात.

दिघा_बाबा

@नेरुळ_पालक आर्थिक दुर्बल गटात भरायचं तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं, ह्याचं दोन लाखाच्या आसपास जातंय. एससी एसटी वगैरे असेल तर उत्पन्नाची अट नाही, मग भरता येईल. पण शाळा काय दिवसभर सांभाळत नाही, आत्ताचा प्रश्न त्याने सुटत नाही.

रबाळे_शिफ्टवाला

सुपरवायझरशी बोललो, तो म्हणाला अर्ज दे, पुढच्या महिन्याच्या शेड्यूलला बघतो, अदलाबदलीचं ऐकून जरा बरा बोलला. आमच्या गल्लीच्या मागेच अंगणवाडी आहे, मला माहीतच नव्हती, रोज तिथून जातो. बाहेर चपला दिसायच्या, मला वाटायचं क्लास आहे. आईला घेऊन जाणार आहे. ताई, जाताना काय काय नेऊ?

सेविका_ताई_तुर्भे

जन्मदाखला, तुमचं आणि मुलीचं आधार असेल तर ते, आणि लसीकरणाचं कार्ड. आधार नसलं तरी अडून बसू नका, तसंच न्या मुलीला, बाकी नंतर होतं. कार्डात कुठला डोस राहिलाय का बघा, आई गेलेल्या घरात बऱ्याचदा मधलाच एखादा राहतो, तो तिथेच लसीकरणाच्या दिवशी देऊन घेता येईल. मुलीला सोबत न्या, वजन-उंची लगेच घेतील. आणि सकाळी उघडल्या उघडल्या जाऊ नका, मुलं येत असतात, धड बोलणं होत नाही, जेवणं झाल्यावर जा.

दिघा_बाबा

आणि रेशनला नाव चढवायचं तेवढं त्याच आठवड्यात कर. ठाण्याला जायच्या आधी मला मेसेज टाक, माझी जुनी फाईल आहे, कुठला कागद कशाच्या मागे लावायचा त्याचा फोटो पाठवतो.